वाटेचं पान

“दाखवा ना, कुठे आहे वाट?” प्रीट म्हणाला.

आमच्या पुढे कंबरेएवढं गवत होतं, गवतात मधूनमधून ज्युनिपरची काटेरी झुडपं आणि पार पलीकडे समुद्राची निळी रेघ. हेल्यूमावशीने काठी उचलली, गवतावर रोखली आणि म्हणाली, “ही काय.”

प्रीटने काठीच्या टोकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मीही डोळे ताणून पाहिलं. मला गवतच दिसलं.

ही गोष्ट एस्टोनियाच्या सारेमा बेटावरची. मी सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि वर्षभरासाठी तिथल्या तार्तू विद्यापीठात गेले होते. खेड्यापाड्यांतले लोक रानातल्या झाडापाल्याला काय म्हणतात आणि का म्हणतात, ते गोळा करायचं काम होतं. मला ते मनापासून आवडायचं, कारण त्यात माणसांशी गप्पा मारण्याचा पगार मिळत होता. शिवाय माझं नाव कुंदा. आपल्याकडे कुंदा म्हटलं की पांढरी फुलं आठवतात. एस्टोनियात कुंदा नावाचं गाव आहे आणि ते सिमेंटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. नाव सांगितलं की माणसं आधी हसायची आणि मग कॉफी विचारायची. ओळख करून घ्यायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

हेल्यूमावशीच्या माडीवरच्या खोलीत मी पंधरवडाभर भाड्याने राहिले होते. मावशी अर्थात माझी मीच म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, बटाट्यापासून राजकारणापर्यंत सगळ्याबद्दल ठाम मत असलेली बाई. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी घेऊन चालायची, पण ती काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त वापरायची. मला अंगणात फिरवून एकेक नाव सांगायची. एका झाडाचं नाव सशाचा कोबी, एकाचं करकोच्याचं दंताळं, एकाचं गळवाचं पान. प्रत्येक नावामागे काहीतरी किस्सा असायचाच. फाटकाजवळ जमिनीला चिकटून रुंद, शिरा-शिरांची पानं पसरली होती, त्यांचं नाव तेवढं तिने एका दमात संपवलं.

“तेलेह्त,” ती म्हणाली. ‘ते’ म्हणजे वाट, ‘लेह्त’ म्हणजे पान. वाटेचं पान.

मी कारण विचारलं.

“वाटेवर येतं म्हणून. दुसरं काय?”

माझा जरा हिरमोडच झाला. झाड माझ्या ओळखीचं होतं, आपल्या इसबगोलाचं चुलत भावंड. जखमेवर चेचून लावतात, म्हणून काहीतरी रंगतदार नाव असेल असं मला वाटलं होतं. असो म्हटलं आणि पुढच्या झाडाकडे वळले.

तर त्या दिवशीची भानगड अशी होती. हेल्यूमावशीच्या घरामागचं कुरण तिचं नव्हतंच. जुन्या मालकाने ते आदल्या वर्षी प्रीटला विकलं. प्रीट पस्तिशीचा, टालिनला संगणकाच्या कंपनीत काम करून कंटाळलेला. आजोबा या बेटावरचे, म्हणून हा मेंढ्या पाळायला परत आला होता. कुरणाला तो तारेचं कुंपण घालणार होता. खांब येऊन पडले होते, गवत कापून झालं की लगेच काम सुरू. हेल्यूमावशीचं म्हणणं, की या कुरणातून तिची समुद्राकडे जायची वाट आहे, आणि कुंपण घातलं की ती बंद होईल. किनाऱ्याला जाणारा मोटाररस्ता होता, पण तो एवढा वळसा घालून जायचा की तिच्या खुब्याला ते झेपणं शक्य नव्हतं.

प्रीट वाईट मुलगा नव्हता. हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ तोच काढायचा. पण त्याला हिशेबी उत्तर लागायचं.

“नकाशात वाट नाही,” तो मला इंग्रजीत म्हणाला. “गावात विचारलं. सगळे म्हणतात, हेल्यू संध्याकाळची तिकडे कुठेतरी जायची. आता ‘तिकडे कुठेतरी’ला मी फाटक कसं बसवू? आणि कुंपणात भोक ठेवलं की मेंढ्या आधी तिथूनच जाणार.”

गंमत अशी की मला एस्टोनियन साध्या गप्पांपुरतंच कळायचं आणि हेल्यूमावशीला इंग्रजीचा गंध नव्हता. त्यामुळे तिची बाजू मला समजावून सांगायचं काम प्रीटवरच येऊन पडलं होतं. तो ते इमानाने करत होता. मधेच ती चिडून काहीतरी लांबलचक बोलली. प्रीटचे कान लाल झाले.

“त्या म्हणतात,” तो म्हणाला, “की टालिनच्या पोरांना गवत आणि गालिचा यातला फरक कळत नाही.”

मला हसू आवरेना. तोही हसला आणि मग गंभीर झाला.

“मला वाट दाखवा,” तो म्हणाला. “मी फाटक ठेवतो. माझा शब्द.”

हे त्याने मावशीला एस्टोनियनमध्येही सांगितलं. दोन वर्षं ती तिकडे गेली नव्हती आणि तेवढ्यात गवताने सगळं गिळलं होतं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून गवताकडे बघत राहिली. एवढी तोंडाची बाई गप्प झालेली मला बघवेना.

मी उकिडवी बसले आणि तिच्या फाटकापाशी गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. खाली सावलीत वाटेचं पान होतं. अंगणातल्यासारखं रुंद आणि जमिनीला टेकलेलं नव्हे. अरुंद, फिकट, उजेडासाठी माना उंच करून उभं राहिलेलं. थोडं पुढे सरकून पुन्हा गवत बाजूला केलं. तिथेही होतं. हातभर डावीकडे पाहिलं, नव्हतं. उजवीकडे नव्हतं.

इतका साधा विचार आधी कसा सुचला नाही.

“कापणी कधी आहे?” मी विचारलं.

“परवा.”

“मग परवा कापणी झाली की मी तुला वाट दाखवते.”

“वाट नसली तर?”

“आहे,” मी म्हणाले. पंचवीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हणाले. प्रीटने भाषांतर केलं. हेल्यूमावशीने माझ्याकडे पाहिलं आणि मला आत येऊन जेवून घे म्हणाली.

कुरणात दगड आणि झुडपं एवढी की यंत्र चालणं अवघड. शिवाय प्रीटला सगळं आजोबांसारखं करायचं होतं. म्हणून त्याने सगळ्या गावाला कापणीला बोलावलं होतं. आपल्याकडे जशी इर्जिक घालतात, तसंच. गावाने येऊन काम करायचं, मालकाने पोटभर खाऊ-पिऊ घालायचं. तिथे त्याला तालगुद म्हणतात. त्याचा एक अलिखित नियम मला त्या दिवशी कळला. भांडण असलं तरी बोलावणं नाकारायचं नाही.

कापणीच्या दिवशी पहाटे मी खाली उतरले तर हेल्यूमावशी डोक्याला रुमाल बांधून, लाकडी दंताळं हातात घेऊन तयार होती.

मला राहवलं नाही. तुझीच वाट बंद करणाऱ्याचं गवत ओढायला निघालीस का, असं मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

“गवताने काय केलंय?” ती म्हणाली आणि चालू लागली.

पुरुष एका ओळीत, एकामागे एक तिरके उभे राहून लांब दांड्याचे विळे फिरवत पुढे सरकत होते. दव असेपर्यंत पातं चांगलं चालतं, म्हणून सगळ्यांना घाई. बायका मागून दंताळ्यांनी गवत ओढून ढीग करत होत्या. मलाही एक दंताळं मिळालं आणि थोड्याच वेळात तळहाताला फोड आला. हेल्यूमावशीने माझ्या हाताकडे बघून च्यक केलं, वाटेचं एक पान उपटलं, चेचलं आणि फोडावर दाबून बसवलं. दुपारपर्यंत कापणी कुरणाच्या मध्याच्या पुढे, एका मोठ्या करड्या दगडापर्यंत पोचली. पुढचं गवत दुसऱ्या दिवसावर ठेवून सगळे प्रीटच्या अंगणात जेवायला बसले. काळी पावरोटी, धुरावलेले मासे, घरी गाळलेली बिअर. मी बिअरच्या वाटेला गेले नाही. मला डोकं ठिकाणावर हवं होतं.

जेवणं झाल्यावर मी प्रीटला हाक मारली. “चल.”

हेल्यूमावशीच्या फाटकाशी उभं राहून मी खाली बोट केलं. गवत गेलं होतं, पण विळ्याचं पातं जमिनीपासून थोडं वरून फिरतं. शेंडे छाटले गेले तरी वाटेची पानं बुडापाशी जागच्या जागी होती. आणि ती विखुरलेली नव्हती. जेमतेम पाऊलभर रुंदीचा हिरवा पट्टा फाटकापासून निघाला होता आणि पिवळट खुंटांमधून सरळ पुढे गेला होता.

“ही वाट,” मी म्हणाले.

प्रीट बघतच राहिला. मग म्हणाला, “हे झाड आहे.”

“हे झाड असं कुठेही येत नाही. उंच गवतात त्याचा टिकाव लागत नाही. पायाखाली बाकीची झाडं मरतात आणि याला जागा होते. आमच्याकडे याच्या भावाचं बी पोटासाठी पाण्यात भिजवून घेतात. भिजलं की ते बुळबुळीत, चिकट होतं. याचंही तसंच. ओल्या बुटाला चिकटतं आणि बुटाबरोबर पुढे जातं. माणूस जिथे रोज चालतो तिथे हे त्याच्या मागोमाग जातं. वाटेवर येतं म्हणून वाटेचं पान.”

हेल्यूमावशीचं ते वाक्य मी तिला न विचारता वापरलं. आमच्या मागून गावातली चार-पाच माणसं येत होती. मी पुढे, प्रीट मागे, त्यांच्या मागे ही मंडळी. वरातीत पुढे चालणाऱ्या करवलीसारखी मी ऐटीत चालले होते. पट्टा झुडपाला वळसा घालायचा, मी वळसा घालायचे. एका ठिकाणी दलदल चुकवून तो डावीकडे गेला होता. कोणीतरी मागून म्हणालं, अरे, हेल्यू इथूनच जायची की. प्रीट पट्ट्यावर पाय पडू नये म्हणून बाजूबाजूने चालत होता, ते मी पाहिलं.

करड्या दगडापाशी आल्यावर पट्टा संपला.

दगड माणसाच्या छातीएवढा उंच, अंगावर शेवाळ. त्याच्या पुढे न कापलेलं गवत होतं आणि त्यापुढे वाळूचा पट्टा, दगडगोटे आणि पाणी. मी गुडघ्यांवर बसून गवत बाजूला केलं. काही नाही. पुढे सरकले, पुन्हा काही नाही. डावीकडे, उजवीकडे, पाण्याच्या दिशेने बरंच अंतर रांगत गेले. वाटेचं एक पान नव्हतं. साडीत नव्हते एवढंच नशीब.

उठले तेव्हा गुडघे हिरवे झाले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

“इथे संपते,” प्रीट म्हणाला. आवाजात कुठेही विजय नव्हता, तो खरोखर गोंधळला होता. “त्या म्हणाल्या समुद्रापर्यंत जाते. ही दगडापर्यंतच येते. कुरणाच्या मधे. इथे काहीच नाही. कुठेच न जाणाऱ्या वाटेसाठी मी कुंपणात फाटक ठेवायचं का?”

माझं झाड खोटं बोलत नव्हतं, ते मला ठाऊक होतं. म्हणजे मग हेल्यूमावशी बोलत होती का?

ती मागून हळूहळू येत होती. काठी नव्हती, दंताळ्याच्याच आधाराने. पट्ट्यावरूनच चालत आली, खाली न बघता. दगडापाशी येऊन तिने दंताळं त्याला टेकवून ठेवलं आणि दगडाच्या एका खोलगट बाजूला पाठ लावून उभी राहिली, जशी आपण घरातल्या नेहमीच्या खांबाला टेकतो. तोंड समुद्राकडे.

प्रीटने तिला विचारलं. ती त्याच्याकडे न बघता बोलू लागली आणि तो माझ्यासाठी वाक्यामागे वाक्य सांगत गेला.

“आई रोज संध्याकाळी म्हणायची, समुद्रावर जाऊन येते. आणि इथे यायची. मी सहा वर्षांची होते. वडील चव्वेचाळीसच्या शरद ऋतूत मासेमारीच्या बोटीतून स्वीडनला गेले. बोटीत आम्हाला जागा नव्हती. वसंतात येऊन नेतो म्हणाले होते.”

तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सैल केली.

“मग रशियन सैनिक आले आणि समुद्र बंद झाला. दगडाच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती. किनाऱ्यावरची वाळू ते संध्याकाळी दंताळ्याने ओढून ठेवायचे. कोणाचं पाऊल उमटलं की सकाळी दिसायचं. ज्यांचा माणूस पलीकडे होता, त्यांना चौकशीला पहिलं बोलावणं. म्हणून आई इथवर यायची. इथून पाणी दिसतं.”

पुढचं वाक्य प्रीटने सांगितलं नाही. पण आई, समुद्र, रोज, मरेपर्यंत, एवढे शब्द मला येत होते. ती म्हणाली, मरेपर्यंत आई रोज आली. नंतर मी.

“पण रशियन गेले,” प्रीट तिला म्हणाला. हे एस्टोनियनमध्ये होतं, पण मला समजलं. “जाऊन किती वर्षं झाली. मग पुढे का नाही गेलात?”

तिने बुटाच्या टोकाने गवताचा एक खुंट दाबला.

“पायांना सवय नव्हती,” ती म्हणाली.

“आणि मला हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस वाट कुठे आहे. कशासाठी आहे ते कुठे विचारलंस?”

माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत. प्रीट मात्र वळला. मला वाटलं, चालला. तो झुडपाला टेकवून ठेवलेला आपला विळा घेऊन आला, खिशातल्या दगडावर पातं दोनदा घासलं आणि दगडाच्या पुढे उभं राहून कापायला लागला. एकच पट्टा, एका माणसाच्या रुंदीचा. आडवंतिडवं कुठे न जाता थेट पाण्याच्या दिशेने. संगणकवाल्याचा हात होता तो, मधे मधे पातं मातीत रुतायचं. गावातला एक म्हातारा मदतीला पुढे सरकला तर प्रीटने मान हलवून नको म्हटलं. पाण्यापाशी पोचल्यावर तो घामाने निथळत परत आला आणि हेल्यूमावशीपुढे उभा राहिला.

“चला,” तो म्हणाला.

“आत्ता नाही,” हेल्यूमावशी म्हणाली. “संध्याकाळी.”

संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. तिथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो. दव पडायला लागलं होतं. दगडापर्यंत ती झपझप चालली. दगडापाशी तिची पावलं आपोआप थांबली, पाठ दगडाला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही, उगाच एक ज्युनिपरची फांदी हुंगत राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझा दंड धरला आणि आम्ही प्रीटने कापलेल्या पट्ट्यावरून पुढे गेलो. गोट्यांवरून चालताना तिचा तोल जात होता, मी तिला घट्ट धरलं. पाण्याशी ती वाकली, हात बुडवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

“गार आहे,” ती म्हणाली.

आठवड्याने मी तार्तूला परतले. कुंपण तेव्हा उभं राहत होतं. प्रीटने एक फाटक कबूल केलं होतं, त्याने दोन बसवली. एक हेल्यूमावशीच्या घराकडे, एक पाण्याकडे. मेंढ्या आधी तिथूनच जाणार, असं मी त्याला त्याच्याच शब्दांत सुनावलं, तर म्हणाला, “जाऊ देत.”

त्यानंतर सात वर्षांनी एका परिषदेच्या निमित्ताने मी पुन्हा एस्टोनियाला गेले आणि बेटावर गेल्याशिवाय राहवलं नाही. हेल्यूमावशी नव्हती. तिला जाऊन तीन हिवाळे झाले होते, ते प्रीटने मला तेव्हाच कळवलं होतं. घर बंद होतं, अंगणातलं गवत मात्र कोणीतरी कापलेलं होतं. प्रीट आता थोडा जाड झाला होता आणि बुटांना मेंढ्यांचा वास येत होता. कॉफी पिऊन झाल्यावर आम्ही कुरणात गेलो.

घरापासून दगडापर्यंत वाटेची पानं होतीच. मी दगडाला वळसा घालून पुढे गेले आणि खाली बसले. प्रीटने कापलेल्या त्या पट्ट्याच्या जागी, दगडापासून वाळू सुरू होते तिथपर्यंत, तीच पानं एकाला एक लागून गेली होती. रुंद, बुटकी, जमिनीला घट्ट टेकलेली. मी एका पानाखाली बोट घालून बघितलं. तीन वर्षं ज्या वाटेवर कोणी चाललं नाही तिथलं पान असं नसतं. ते उंच होतं, फिकट पडतं, माना वर करतं.

“इथून रोज कोण जातं?” मी विचारलं.

प्रीटने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“संध्याकाळी मेंढ्यांवर नजर टाकायला यावं लागतं,” तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. मेंढ्या कुरणाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, त्याच्या घराच्या मागे चरत होत्या.